कडक की मऊ

१२ मे

ठकूबाईंना ताईचा आशीर्वाद. तू मागितलेला नाहीस, तरी पाठवते. माझ्याकडे नुसता पडून होता.

तुझं पाकीट परवा आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, बाई, यातून काहीतरी पाझरतंय. पाझरत काही नव्हतं, पाकिटाचा एक कोपरा तेवढा चिकट झाला होता. त्याने आपली बोटं माझ्या दाराच्या पडद्याला पुसली आणि गेला. पडदा धुवायला टाकला आहे.

आई गेल्यावर तुझं हे पहिलं पत्र. वर्ष उलटून गेलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं तेव्हा वाटलं, आईबद्दल काहीतरी असेल. आत नासपतीची फांदी निघाली. असू दे. अक्षर मात्र अजून तसंच आहे तुझं, ओळ सोडून पळणारं, गाडी सुटत असल्यासारखं.

इकडचं म्हणशील तर ठीक. ऑफिसात साहेबांना नवीन खुर्ची मिळाली आणि त्यांची पाठ जास्तच दुखायला लागली. माझं टेबल तिथेच, खिडकीखाली, त्याच मायक्रोस्कोपपुढे. लोक डब्यांतून, रुमालांतून, एकदा तर चपलेच्या खोक्यातून किडे घेऊन येतात आणि मी त्यांना सांगते हा अमुक, हा तमुक. माणसं ओळखण्यापेक्षा सोपं काम. घरी आईची खोली अजून रिकामीच आहे. खालच्या शिवणवालीला ती भाड्याने हवी आहे. दर आठवड्याला जिना चढून विचारते. मी बघू म्हणते.

आता तुझ्या फांदीकडे वळते.

तू लिहितेस की बागेच्या खालच्या अंगाला फांद्यांवर तपकिरी फोड आलेत, मसुराएवढे, काही त्याहून मोठे. पानं वरून काळी पडलीत, काजळी धरल्यासारखी. बुंध्यावर मुंग्यांची रांग लागली आहे आणि फांदीला हात लावला की हात चिकट होतो. सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

ते फोड नाहीत, कीड आहे. खवले कीड म्हणतात तिला. मादी एकदा फांदीवर बसली की उठत नाही. तोंडाची सुई सालीत खुपसून रस पीत राहते आणि पाठीवर कवच धरते. अंडी पोटाखाली घालते आणि तिथेच मरते. मेल्यावरही तिचं कवच पिल्लांवर छप्पर होऊन राहतं. यात फार मोठा अर्थ शोधत बसू नकोस.

तर या किडीचे दोन प्रकार. एक कडक कवचाची, एक मऊ. मऊ असेल तर डोक्याला ताप होतो, पण झाड जात नाही. साबणाच्या पाण्याने धुवायचं, मुंग्यांना वर चढू द्यायचं नाही, थंडीत तेलाची फवारणी करायची, संपलं. कडक असेल तर तिच्याबद्दल आमच्याच खात्याने मार्चमध्ये काढलेली सूचना तुमच्या खोऱ्यात पोचली आहे, असं तूच लिहिलं आहेस. लागलेली झाडं तोडून जागच्या जागी जाळायची, तीसुद्धा पिल्लं रांगायला लागायच्या आत. नाहीतर वाऱ्याबरोबर ती शेजारच्या बागेत जातात आणि मग सगळं खोरं जातं. शेजारचे अण्णा रोज कुंपणाशी येऊन विचारतात म्हणतेस, ते त्यामुळेच. म्हाताऱ्याचं चुकत नाही.

दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. पुस्तकात लिहितात की नखाने उचकटून बघा, अमुक झालं तर ही, तमुक झालं तर ती. तू त्या भानगडीत पडू नकोस. तुझ्या नवऱ्याला, आपल्या बागवाल्यांनाही पडू देऊ नकोस. अर्धवट बघून माणूस भलतंच करून बसतो. मायक्रोस्कोपखाली काचपट्टी पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणं बरोबर नाही.

आणि नियमाचं म्हणशील तर नमुना ऑफिसच्या पत्त्यावर यायला हवा होता, अर्जासकट. तू माझ्या घरी पाठवलास, वर नुसतं ‘ताई’ लिहून. त्याची नोंद कशी करू? ही फांदी आता वाळली आहे. ताजी पाठव, तीन-चार वेगवेगळ्या झाडांवरची, ओल्या कापडात गुंडाळून. अर्ज सोबत ठेवते.

घाईने काही करू नका. कळवते.

लेकीचं कसं चाललंय त्या शहरात? एकटीच राहते ना अजून? तिला म्हणावं, मावशीला विसरलीस तरी चालेल, घरात असं होतंच.

ताई

२९ मे

ठकू,

आशीर्वाद नेहमीचाच समज.

बागवाले मंगळवारी ऑफिसात येऊन गेले, हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. तू पाठवलंस की ते आपण होऊन आले ते मी विचारलं नाही. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत ओल्या फडक्यात फांद्या, प्रत्येक फांदीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: कुठल्या ओळीतलं झाड, कधी लावलेलं. असा नमुना आमच्याकडे वर्षात एखादा येतो. साहेबसुद्धा पाठ धरून उठले बघायला.

वाळले आहेत ते. तू त्यांना खायला घालत नाहीस की काय? दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं. मी बाकावर बसवलं, चहा मागवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि प्यायलेच नाहीत.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे. नसेल तर आता सांगते. आईच्या शेवटच्या दिवसांत तो माणूस आपलं घरदार सोडून इथे येऊन राहिला. आईला उचलून न्हाणीत न्यायचा. आईला लाज वाटायची, जावई शेवटी, तर तो उचलताना कायम भिंतीकडे बघायचा. भिंतीकडे बघत बघतच एकदा दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. आई हसली होती. ते तिचं शेवटचं हसू, आणि ते त्यांच्या वाट्याला आलं. सख्ख्या लेकीच्या नाही.

तर ते बसले होते. म्हणाले, अण्णा आता एकटे येत नाहीत, खोऱ्यातले चार शेजारी बरोबर घेऊन येतात. भांडत नाहीत. नुसते कुंपणाशी उभे राहतात. म्हणाले, पिल्लं रांगायला लागली की माझ्या झाडांमुळे त्यांची झाडं जातील, ते मला बघवणार नाही. कडक असेल तर मी आजच्या आज करवत लावतो, पण मऊ असेल तर, एवढंच म्हणून थांबले.

मग त्यांनी विचारलं, ‘ताई, रिपोर्ट राहू द्या. तुमच्या मनाला काय वाटतं, तेवढंच सांगा.’

मी म्हटलं, ‘मनाला वाटतं त्यावर आमचं काम चालत नाही.’

‘मुंग्या का येतात हो एवढ्या?’

‘मुंग्या काय, कुठेही येतात.’

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायची सवय आहे त्यांना. जाताना डबा तिथेच ठेवून गेले. म्हणाले, परत पाठवायची तसदी नको.

काचपट्टी करायला वेळ लागतो, हे तू समजून घे. किडा आधी द्रावणात उकळायचा, आतलं सगळं विरघळून जाईपर्यंत. मग धुवायचा, रंग द्यायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा. मग साहेबांची सही. साहेब पुढच्या आठवड्यात पाठीच्या डॉक्टरकडे आहेत. त्यात मी कुणालाही रांग मोडून पुढे घेत नाही. आजवर घेतलेलं नाही. बहिणीला घेतलं तर लोक काय म्हणतील?

तू लिहिलंस की तुला रात्र रात्र झोप नाही, कधी एकदा कळतंय असं झालं आहे. मी समजू शकते. वाट बघणं फार वाईट. काही बायका तर वाट बघण्यातच जातात.

तुमच्या खोऱ्यात टेलिफोनचा खांब अजून पोचला नाही, हे एका परीने बरंच. रोज उठून विचारायचा मोह झाला असता तुला.

शिवणवालीला मी नाही म्हणून सांगितलं. खोली राहू दे रिकामी.

त्यांना जेवायला घालत जा.

ताई

२० जून

ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी. झाडं तोडली, सगळी. जाळलीसुद्धा. हे बरे आहेत. आता रिपोर्टची घाई नाही.

रिपोर्ट तयार होता. सोबत जोडला आहे, साहेबांच्या सहीसकट. तुला तो वाचता येणार नाही, म्हणून सोप्या भाषेत सांगते: मऊ होती. सगळ्या फांद्यांवर, सगळ्या ओळींत, मऊ. झाडं तोडायची गरज नव्हती.

आता ते नखाने बघण्याचं सांगते, जे मागे सांगायचं राहिलं. कडक किडीचं कवच म्हणजे तिच्या अंगावर ठेवलेलं झाकण. सुईने उचकटलं की झाकण वेगळं निघतं आणि खाली पिवळा किडा उघडा पडतो. मऊ किडीला झाकण नसतं. तिची पाठच घट्ट होऊन कवच झालेली असते, त्यामुळे काढायला गेलं की ती सगळीच्या सगळी निघते आणि खाली अंड्यांचा पांढरा भुगा दिसतो. मायक्रोस्कोप लागत नाही. नख पुरतं.

नखसुद्धा लागत नाही खरं तर. मऊ कीड जो रस पिते त्यातला गोड भाग बाहेर टाकते. तोच पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि तो चाटायला मुंग्या येतात. कडक किडीला हे जमत नाही. तिच्या झाडावर चिकटा नसतो, काजळी नसते, मुंग्यांची रांग नसते. तुझ्या पहिल्या पत्रात हे तिन्ही होतं, दुसऱ्याच ओळीत. पोस्टमनची बोटं चिकट झाली तेव्हाच, पाकीट उघडायच्या आधी, मला कळलं होतं.

हे सगळं मी तुला का लिहिते आहे, असं तुझ्या मनात येईल. सांगते.

आई आजारी पडली तेव्हा मी तुला पहिलं पत्र टाकलं. तू लिहिलंस, येते. मग दुसरं टाकलं, मग तार केली. तुझं उत्तर आलं: फुलोरा आहे, बाग सोडून येता येत नाही, हे येत आहेत. आई ते कार्ड उशीखाली ठेवून होती. तिला त्यातलं ‘येत आहेत’ एवढंच वाचता येत होतं, बाकीचं मी वाचून दाखवलं नाही. जिन्यावर पाय वाजला की विचारायची, ठकू का? दूधवाला असायचा, शिवणवाली असायची. मी नाही म्हणायचे. पुढे पुढे नाही म्हणवेना. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, हो गं, आली, हातपाय धुते आहे. त्यावर ती गप्प पडून राहिली, तुझे हातपाय धुऊन व्हायची वाट बघत. दुपार उतरली, तरी तुझे पाय धुऊन झाले नव्हते. तशीच गेली.

म्हणून मला वाटलं, बाग बाग करणाऱ्या बाईलाही थोडी वाट बघू दे. एक शब्द यायचा आहे, कुणीतरी तो आणून देणार आहे, आणि तो येत नाही, हे कसं असतं ते तिलाही कळू दे. मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, तपासून बघ. सगळी बाग जाईल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर काय केलं असतं, ते विचारू नकोस.

बागवाल्यांना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांचं मला वाईट वाटतं. ‘हे बरे आहेत’ म्हणजे काय, तेवढं मात्र नीट लिही. जेवतात का? झोपतात का? ते स्वतः होते का तोडताना, की मजूर लावले?

तुला आता बाग नाही. फुलोरा नाही. आता तुला कुठेही जाता येईल.

सवड झाली असेल, तर ये कधीतरी.

ताई

४ जुलै

ताई,

पत्राच्या सुरुवातीला पाया पडते असं लिहायची पद्धत आहे, म्हणून पडते.

हो, सवड झाली. हे पत्र मी लेकीच्या घरून लिहिते आहे. दोन खोल्या, खाली रस्ता, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. जमीन अण्णांनी घेतली. आम्ही मागच्या आठवड्यात सामान हलवलं. पत्ता वर लिहिला आहे.

तुझा रिपोर्ट वाचला. मला वाचता येतो. तू विसरलीस. तुला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी तुझा डबा घेऊन यायचे आणि साहेब झोपलेले असायचे. तू मला स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावायचीस. कडक आणि मऊ तूच शिकवलंस, नखाने, लिंबाच्या एका फांदीवर. मला पटकन जमलं तेव्हा तू आईला सांगितलंस, ही माझ्यापेक्षा हुशार निघणार. मला दिलेलं तुला कधीच आठवत नाही, ताई. तुला न मिळालेलं तेवढं सगळं तोंडपाठ असतं.

कीड मऊ आहे हे मला एप्रिलातच कळलं होतं. फांदीवरून एक काढली, पालथी केली, हातावर पांढरा भुगा पडला. हात साडीला पुसला आणि घरात गेले. यांनी विचारलं, काय असेल गं? मी म्हटलं, आपण ताईला विचारू.

यांना यातलं काही कळत नाही. कलम बांधणं, छाटणी, टेके लावणं, यात त्यांचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नाही. पण ही कीड आमच्याकडे पहिल्यांदाच आली, आणि त्या सूचनेने सगळ्यांचीच गाळण उडाली होती. ते औषधाच्या दुकानात जायला निघाले होते. तिथल्या माणसाने नुसतं पान बघून सांगितलं असतं, धुवून टाका. मी म्हटलं, तो औषध विकायला बसलाय, खरं कशाला सांगेल? ताईसारखं कुणी सांगणार नाही.

तू सांगणार नाहीस यावर माझा पूर्ण विश्वास होता. आई गेल्यावर तू मला कार्ड टाकलंस, ‘सगळं आटोपलं, आता येण्याची गरज नाही.’ त्या एका ओळीवरून मला कळलं की तुझ्या हातात माझी एखादी वस्तू पडली तर तू तिचं काय करशील. म्हणून फांदी ऑफिसात पाठवली नाही. तिथे दुसऱ्या कुणी उघडली असती.

तुझी पत्रं मी अण्णांना वाचून दाखवली, कुंपणाशी उभी राहून. सगळी नाही, कामापुरती. ‘काचपट्टी पाहिल्याशिवाय मी तोंड उघडणं बरोबर नाही.’ अण्णा म्हणाले, चांगलं काही असतं तर बाईंनी बहिणीला लगेच कळवलं असतं. मी नुसता पदर डोळ्यांना लावला.

आता तू विचारलेलं सांगते. मजूर लावले नाहीत. यांनीच करवत घेतली, वरच्या ओळीपासून. फळं आक्रोडाएवढी झाली होती. आदल्याच आठवड्यात फांद्यांना टेके दिले होते, ते आधी सोडवले, दोऱ्यांची भेंडोळी करून गोठ्यात टांगून ठेवली, पुढच्या वर्षी लागतील अशी. मग कापायला लागले. अण्णा आणि बाकीचे कुंपणापलीकडे उभे होते. त्यांतल्या एकाने टोपी काढली.   ओलं लाकूड पेट घेत नव्हतं, तर घरातलं रॉकेल मीच आणून दिलं.

तुला वाटतं, मी बागेसाठी आईला सोडलं. यांनी तुला काय सांगितलं? तिला जमलं नाही, असंच ना? असंच सांगणार ते. मग ऐक. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी पिशवी भरून दारात ठेवली होती. त्याच वेळी थंडीची लाट आली, आणि फुलं तर सगळी उमललेली. हे म्हणाले, आईंना उचलायला ताकद लागते, तू तिथे काय करणार, मी जातो. तू इथे ओळींमधून धूर पेटता ठेव, फुलं गोठली तर वर्ष गेलं. मी म्हटलं, ती माझी आई आहे. ते म्हणाले, माझीही आहे. आणि माझी पिशवी रिकामी करून त्यांनी आपले कपडे भरले. ते कार्डसुद्धा त्यांनीच सांगितलं, मी लिहिलं.

मी पेंढा आणि ओला पाला जाळत त्या झाडांखाली फिरत राहिले. ये म्हणणारी तुझी तार आली तेव्हा माझ्या हातात पेटता टेंभा होता. त्या वर्षी फळ भरपूर आलं. हे परत आले, फुलं बघितली आणि म्हणाले, शाबास. आईचं नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून मला ती झाडं नजरेसमोर नको होती. बाग विकू म्हटलं, तर ऐकायचे नाहीत. लेकीकडे जाऊ म्हटलं, तर म्हणायचे, झाडांना कोण बघेल? मारत नव्हते, ओरडत नव्हते. चांगला माणूस, सगळं जग म्हणतं, तूही म्हणतेस. चांगल्या माणसाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची? तेवढ्यात ती कीड आली.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही, दोनेक दिवस. आता हे खिडकीशी बसतात. सायकलवाल्याचं काम बघतात. हात मांडीवर पालथे ठेवलेले. जेवायला वाढलं की जेवतात, उठवलं की उठतात. लेक म्हणते, बाबांना काहीतरी काम द्या. कसलं काम देऊ? काल भाजीत नासपती आणली तिने, न कळून. त्यांनी ती हातात घेतली, देठ बघितला, म्हणाले, ही लवकर उतरवली. आणि परत ठेवून दिली.

रिपोर्ट त्यांनी बघितलेला नाही. तुझी पत्रंही नाहीत. त्यांना वाटतं, कडकच होती, आणि ताईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं, पण आपल्या तोंडावर सांगायला त्यांना जड गेलं. काल संध्याकाळी मला म्हणाले, ‘ताईंनी खोटी आशा दाखवली नाही. तेवढं कोण करतं?’

तर आम्ही येत्या रविवारी तुझ्याकडे येतो आहोत. त्यांना तुझे आभार मानायचे आहेत. झाडं गेल्यापासून त्यांनी आपण होऊन मागितलेली ही पहिली गोष्ट, तेव्हा नाही म्हणवलं नाही. दाढी करणार आहेत. सकाळच्या गाडीने निघू, दुपारी जेवायलाच असू. ते बोलायला लागले की तू मधे उठून आत जाऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल. ऐकून घे. त्यात काय, असं म्हण. मी तुझ्या शेजारीच बसलेली असेन.

सांगायचं असलं तर तू सांग, मी अडवणार नाही. पण तुझं सांगितलंस की माझं निघणार, आणि माझं निघालं की तुझं. मग त्या माणसाला या जगात कुणी उरणार नाही. तू सांगणार नाहीस. मीही नाही.

आई असती तर तिला बरं वाटलं असतं. दोघी एकत्र यायला हव्यात म्हणून किती जीव टाकायची. आता आलो बघ. तुझं मला माहीत आहे आणि माझं तुला, आणि तिसऱ्या कुणाला नाही. इतकं जवळचं आता आपल्याला दुसरं कुणी होणार नाही, ताई, कधीच.

तब्येत सांभाळ. तुला खूप वर्षं जगायचं आहे माझ्याबरोबर.

आता जन्माची तुझीच,
ठकू